गोळा नसला तरी नळी फुटते

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी चौदा वर्षं ओहायोत राहतो. आमच्या मंडळाच्या शिवजयंतीला यंदा पावनखिंडीचा प्रवेश बसवतो आहोत. शेवटी विशाळगडावरून तोफांचे पाच बार होतात, ते खरेखुरे व्हावेत अशी सगळ्यांची इच्छा आहे. माझे शेजारी सत्तरीचे आहेत, लष्कराच्या जुन्या वस्तू जमवतात. त्यांच्याकडे ४० मिलिमीटर बोफोर्स तोफेच्या नळीचा साडेतीन फुटी तुकडा आहे, लिलावात घेतलेला. मागच्या टोकाला पोलादी प्लग घालून वेल्डिंग मारायचं, कान, म्हणजे बत्ती द्यायचं भोक, पाडायचा आणि काळी दारू भरून बार काढायचे, असा त्यांचा बेत आहे. "या नळीने याच्या कितीतरी पट दाब सोसलाय, काळ्या दारूचं तिला काय," असं ते म्हणतात. आधी दुप्पट दारू घालून लांबून एकदा उडवून बघू, टिकली तर झालं. गोळा घालायचाच नाही, नुसता बार. त्यांच्या गॅरेजमध्ये मिग, म्हणजे वायर वितळवून जोडणारं वेल्डिंग मशीन आहे आणि मला वेल्डिंग बऱ्यापैकी येतं. वायर वापरावी की रॉड, आणि कुठला, एवढंच विचारायचं आहे. बायको नको म्हणते आहे, म्हणून तुम्हाला लिहिलं.

उत्तर

तुमच्या पत्नीचं म्हणणं बरोबर आहे. रॉडचं नाव मी सांगणार नाही. ते सांगितलं तर योग्य रॉड घेतला की काम सुरक्षित होतं असा अर्थ होईल, आणि तसा रॉड नाही. मी एकतीस वर्षं भोसरीत बॉयलर आणि दाबाच्या टाक्यांचं वेल्डिंग तपासलं. तपासनीस म्हणून सांगते, हा जोड माझ्यासमोर आला असता तर मी त्याच्यावर सही केली नसती, आणि त्याच्या आसपास उभीही राहिले नसते.

आधी शेजाऱ्यांच्या मुद्द्याकडे येते, कारण तो अर्धा खरा आहे आणि म्हणूनच माणूस त्याला भुलतो. बोफोर्सच्या नळीने काळ्या दारूपेक्षा फार मोठा दाब सोसलेला असतो, हे खरं. पण तो सोसला पूर्ण तोफेने, एकट्या नळीने नाही. त्या तोफेत नळीचं मागचं तोंड उघडंच असतं. ते बंद करतो एक जाडजूड घडीव ठोकळा, उभा सरकणारा, आणि तो ज्या कड्यात बसतो ते कडं नळीला आट्यांनी घट्ट धरून असतं. पितळी काडतूस आतून फुगून वायू अडवतं. मागे येणारा सगळा रेटा त्या ठोकळ्यावर आणि कड्यावर जातो. लिलावात तुम्हाला फक्त नळी मिळाली. रेटा पेलणारा भाग आलाच नाही, आणि त्याच्या जागी तुम्ही गॅरेजमधलं वेल्डिंग बसवणार आहात.

तो रेटा किती, याचा अंदाज घ्या. ४० मिलिमीटरच्या भोकाचं क्षेत्रफळ साधारण साडेबारा चौरस सेंटिमीटर. आतला दाब समजा चौरस सेंटिमीटरला ५०० किलो झाला, तर प्लगवर सव्वासहा टन येतात. दीड टनाच्या चार मोटारी एकावर एक रचून त्या जोडावर ठेवल्या तरी भार थोडा कमीच पडेल. आणि मोटारी हळू ठेवता येतात, दारूचा रेटा डोळ्याचं पातं लवायच्या आत येतो.

आता वेल्डिंग. तुम्ही लिहिलंय, बऱ्यापैकी येतं. माझा त्यावर विश्वास आहे. गेटला, ट्रेलरला, बाकाच्या पायाला तुम्ही मारलेलं वेल्डिंग वर्षानुवर्षं टिकेल. पण ते साधं पोलाद असतं. तोफेच्या नळीचं पोलाद मिश्रधातूंचं, कार्बन बऱ्यापैकी असलेलं. लोहार विळ्याला पाणी देतो तसं कारखान्यात तिला पाणी दिलेलं असतं आणि मग ठरावीक तापमानाला परत तापवून तिचा कडकपणा आणि चिवटपणा जुळवलेला असतो. नळीची सगळी ताकद त्या उष्णोपचारात असते. तुम्ही वेल्डिंगचा टॉर्च लावलात की जोडाच्या शेजारचा पट्टा लालपिवळा होतो, आणि बाजूचं जाड थंड पोलाद त्यातली उष्णता क्षणात ओढून घेतं. म्हणजे त्या पट्ट्याला तुम्ही पुन्हा पाणी दिलंत, पण आंधळेपणाने. तो काचेसारखा कडक आणि ठिसूळ होतो. त्याला लागून पलीकडचा पट्टा नको तितका तापून मऊ पडतो. नखाएवढ्या जागेत कडक आणि मऊ शेजारी शेजारी, आणि जोड थंड होताना आकसतो त्याचा ताण त्या दोघांवर. नळीवर गंज, ग्रीस किंवा ओल असेल तर त्यातला हायड्रोजन वितळलेल्या धातूत शिरतो आणि नंतर सावकाश त्या कडक पट्ट्यात जमा होतो.

हे "नंतर सावकाश" मी डोळ्यांनी पाहिलं आहे. नोकरीला लागून सहा वर्षं झाली होती. एका जाड शाफ्टची दुरुस्ती होती, साधारण अशाच जातीचं पोलाद. माल सोमवारी जायचा होता. आमचा सगळ्यात जुना, सगळ्यात चांगला वेल्डर शनिवारी दुपारी काम संपवून गेला. बीड, म्हणजे वेल्डिंगची उठलेली रेघ, इतकी सुरेख की एकावर एक नाणी तिरकी ठेवल्यासारखी. मी संध्याकाळी डीपी टेस्ट, म्हणजे रंगाने भेग शोधायची परीक्षा, केली. लाल रंग फवारला, पुसला, पांढरी पावडर मारली आणि दहा मिनिटं बघत राहिले. पांढऱ्यावर काही उमटलं नाही. मी सही केली. सोमवारी सकाळी गाडी दारात उभी असताना, का कोण जाणे, मी परत एकदा रंग लावला. पांढऱ्या पावडरीतून कुंकवाच्या बोटासारखी एक लाल रेघ हळूहळू वर आली. बीडच्या कडेने, हातभर लांब. शनिवारी ती भेग नव्हतीच. रविवारी, शटर बंद असताना, कोणी हात न लावता ती पडली. त्यानंतर अशा पोलादाच्या कुठल्याही जोडाला मी अठ्ठेचाळीस तास उलटल्याशिवाय सही केली नाही.

आणि त्या शाफ्टच्या जोडाला निदान रंग लावता येत होता. तुमच्या प्लगच्या जोडाची खरी बाजू, म्हणजे मुळाची, नळीच्या आत साडेतीन फुटांवर आहे. तिथे डोळा पोहोचत नाही, ग्राइंडर पोहोचत नाही, रंग पुसायला हातही पोहोचत नाही.

मिगबद्दल तुम्ही थेट विचारलं आहे म्हणून सांगते. घरगुती मशीनने जाड पोलादावर मारलेलं मिग वेल्डिंग फार फसवं असतं. वरून गुळगुळीत, भरदार दिसतं, आणि खाली धातू नुसता टेकलेला असतो, वितळून एकजीव झालेला नसतो. असे जोड कापून, घासून, आम्ल लावून मी शिकाऊ मुलांना दाखवत असे. जोड आणि मूळ धातू यांच्यामध्ये केसासारखी काळी रेघ सरळ दिसते. ती बघून मुलं गप्प व्हायची.

नळी विकायला का आली, हाही प्रश्न आहे. लष्कर नळीच्या प्रत्येक बाराचा हिशेब ठेवतं आणि आयुष्य संपलं की ती काढून टाकतं. तेव्हा आतला पृष्ठभाग झिजलेला असतो, भेगाळलेल्या मातीसारखं बारीक तड्यांचं जाळं त्यावर असतं. शिवाय कुणी वापरू नये म्हणून ती गॅसने कापतात, तापवतात, कधी मुद्दाम बिघडवतात. तुमचा तुकडा साडेतीन फुटांचा आहे म्हणजे तो कुणीतरी कापला आहे. कशाने कापला आणि किती तापवला, हे शेजाऱ्यांनाही माहीत नसणार. काही तोफांच्या नळ्या बनवताना आतून प्रचंड दाब देऊन धातूत उलटा ताण मुरवून ठेवतात, म्हणजे बाराच्या वेळी नळीवर येणारा ताण आधी तो ताण फेडण्यात जातो. अशी नळी तापवली की ती पुंजी निघून जाते. बाहेरून काहीच दिसत नाही.

आता दुप्पट दारूची परीक्षा. तुमच्या पत्रातलं हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं, कारण त्यातून खोटा धीर मिळतो. दुप्पट दारूने नळी फुटली नाही याचा अर्थ ती त्या एका वेळी फुटली नाही, एवढाच. दोन मिलिमीटरची भेग त्या बाराने पाच मिलिमीटरची झालेली असू शकते. कारखान्यात जादा दाबाची परीक्षा झाली की लगेच चुंबकीय कणांनी तपासणी करतात ती यासाठीच. तुमच्याकडे परीक्षा आहे, पण त्यानंतरची तपासणी नाही. म्हणजे तुम्ही नळीला जखमी करणार आणि मग लोकांसमोर नेणार.

तुमच्या शेजारच्या राज्यात हेच घडलं आहे. ६ फेब्रुवारी २०२१ ला मिशिगनमध्ये, जेनेसी काउंटीत, घराच्या मागच्या अंगणात एका डोहाळजेवणाच्या समारंभात छोटी सलामीची तोफ उडवली. नुसता आवाज, उजेड आणि धूर काढणारी. यजमानाने ती लिलावात घेतली होती आणि त्याआधी अनेकदा काही न होता उडवली होती. त्या दिवशी तिचे तुकडे झाले. दहा-पंधरा फुटांवर उभा असलेला २६ वर्षांचा पाहुणा त्यात गेला. तुकडे उभ्या मोटारींना आणि गॅरेजलाही लागले. आत गोळा होता असं पोलिसांना आढळलं नाही. लिलावातली वस्तू, आधी टिकली म्हणून भरवसा, गोळा नाही, आनंदाचा प्रसंग: तुमच्या पत्रातल्या चारही गोष्टी तिथे होत्या.

कुणी म्हणेल, ते हौशी लोक होते. म्हणून तज्ज्ञांची गोष्टही सांगते, कारण ती जोडकामाचीच आहे. १८४४ साली अमेरिकी आरमाराच्या 'प्रिन्स्टन' या नव्या जहाजावर बारा इंची तोंडाच्या दोन प्रचंड तोफा होत्या. एक जॉन एरिक्सन या अभियंत्याच्या आराखड्याची. परीक्षेत तिला तडा गेला तेव्हा तिच्या मागच्या भागावर लोखंडी कडी चढवून ती बळकट केली होती. दुसरी कप्तान रॉबर्ट स्टॉकटन यांनी न्यूयॉर्कमध्ये करवून घेतलेली, 'पीसमेकर'. तिला कडी नव्हती. तिचा मागचा भाग नुसता जास्त जाड केला होता. घडीव लोखंडाचे तुकडे भट्टीत तापवून, घणाखाली एकमेकांत जोडत ती बनवली होती. जाडी जास्त म्हणजे ताकद जास्त, हा तेव्हाचा हिशेब. २८ फेब्रुवारीला पोटोमॅक नदीवर शेकडो पाहुण्यांसमोर ती उडवली. आधीचे बार उत्तम झाले, टाळ्या पडल्या. परत येताना आणखी एक बार काढायचा आग्रह झाला आणि त्या बाराला तिचा मागचा भाग फुटला. परराष्ट्रमंत्री एबल अपशर आणि आरमारमंत्री थॉमस गिल्मर यांच्यासह सहा माणसं गेली. त्यांत राष्ट्राध्यक्ष जॉन टायलर यांचा सेवक, आर्मिस्टेड नावाचा गुलाम, हाही होता. टायलर स्वतः त्या क्षणी खालच्या मजल्यावर होते म्हणून वाचले. नंतर फ्रँकलिन इन्स्टिट्यूटच्या समितीने तुकडे तपासले तेव्हा लोखंडात आणि त्याच्या जोडांत दोष निघाले. 

"नुसता बार" याबद्दलही बोलायला हवं. गोळा नसला की दाब कमी होतो, बरोबर. पण आवाज मोठा व्हावा म्हणून माणसं हटकून कागद, चिंध्या, गवत ठासतात, आणि जितकं घट्ट ठासाल तितका दाब चढतो. शिवाय गोळा नसला तरी नळी स्वतःच गोळा होते, हे मिशिगनमध्ये दिसलं.

दुसरा धोका ठिणगीचा. आमच्या गावच्या जत्रेत देवळामागे उखळी बार काढायचे. मी सातवी-आठवीत असेन. दारू ठासणारे काका वर्षानुवर्षं तेच काम करत आलेले. एका वर्षी पालखी निघायची घाई झाली. एक बार उडाला, आणि धूर पुरता ओसरायच्या आत त्यांनी त्याच उखळात दारू ओतली. तळाशी आधीच्या बाराचा निखारा होता. पुढची वीस वर्षं मी त्यांना उजव्या हाताच्या दोन बोटांनी चहाचा कप धरताना पाहिलं. त्या उखळाचं भोक निदान गुळगुळीत आणि वीतभर खोल होतं. तुमच्या बोफोर्सच्या नळीला आतून पिळाच्या खाचा आहेत, आणि प्लग आणि नळी यांच्यामध्ये बारीक फट राहणारच आहे. काळ्या दारूची राख आणि धगधगते कण अशाच जागी दडतात. ओला बोळा फिरवला तरी तिथे पोहोचत नाही. पाच बार ओळीने काढायचे, म्हणजे चार वेळा कुणीतरी त्या गरम नळीच्या तोंडाशी हात नेणार. तो हात कुणाचा, हे ठरवलंय का?

ओहायोतला फेब्रुवारीही विसरू नका. थंडीत पोलाद ठिसूळ होतं, आणि कडक झालेला जोडाचा पट्टा आणखीच. १६ जानेवारी १९४३ ला ओरेगनमध्ये 'स्केनेक्टडी' हे नवंकोरं वेल्डिंगचं तेलवाहू जहाज शांत पाण्यात, धक्क्याला बांधलेलं असताना, मोठ्या आवाजासरशी मधोमध दुभंगलं. वादळ नाही, टक्कर नाही. थंड हवा, जोडांतले दोष आणि थंडीला न पेलणारं पोलाद.

कायद्याचं थोडक्यात. अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधीच्या तोंडाकडून भरायच्या तोफांना आणि त्यांच्या प्रतिकृतींना सवलत आहे. विसाव्या शतकातल्या काडतुसाच्या तोफेची नळी मागून बंद केली की तिला ती सवलत मिळते, असं शेजाऱ्यांच्या शब्दावर धरून चालू नका. एटीएफला, म्हणजे शस्त्रं आणि स्फोटकं बघणाऱ्या संघीय खात्याला, लेखी विचारायची सोय आहे. राज्याचे, शहराचे आणि सभागृहाच्या विम्याचे नियम वेगळेच. महाराष्ट्रातून हे वाचणाऱ्यांसाठी: इथे शस्त्र कायदा १९५९ आणि स्फोटक कायदा १८८४ लागू आहेत. परवान्याशिवाय तोफ बनवणं हा गुन्हा आहे, आणि काळ्या दारूलाही परवान्याचे नियम आहेत, गावच्या जत्रेसाठी असलं तरी.

मग त्या नळीचं काय? ती छान वस्तू आहे, तिला लाकडी गाडा करा, रंगवा, मंडळाच्या दारात ठेवा. मुलं तिच्याजवळ फोटो काढतील. फक्त कान पाडू नका आणि मागचं तोंड बंद करू नका, म्हणजे आणखी दहा वर्षांनी दुसऱ्या कुणाच्या हातात गेली तरी तिच्यात दारू भरायचा मोह होणार नाही. गाड्याला धरायला वेल्डिंग नको, पट्ट्या आणि बोल्ट लावा. आत क्रोमचा मुलामा असेल तर तो तापल्यावर निघणारा धूर फुप्फुसांना घातक असतो. आणि कुणी तिला हात लावायच्या आधी एका तोंडातून टॉर्च मारून दुसऱ्या तोंडातून बघा. आरपार उजेड दिसला नाही, आत काही अडकल्यासारखं वाटलं, तर ती जागची हलवू नका. स्थानिक पोलिसांना फोन करा.

शेजाऱ्यांशी बोलताना त्यांना मूर्खात काढू नका, ही माझी विनंती आहे. सत्तरीचा माणूस तुमच्या पावनखिंडीसाठी आपली जपलेली वस्तू द्यायला तयार झाला, ही लहान गोष्ट नाही. गाडा करायचं काम त्यांच्यावर सोपवा. कार्यक्रमाला पुढच्या रांगेत बसवा.

आणि बार. खरी तोफच हवी असेल तर तुमच्याकडे अमेरिकेच्या यादवी युद्धाचे प्रसंग उभे करणारे गट आहेत. त्यांच्या तोफा त्या कामासाठीच बनवलेल्या असतात, माणसं शिकलेली असतात, विमा असतो. मोकळी जागा आणि परवानगी असेल तर त्यांना बोलवा. पण मला विचाराल तर तुमच्या प्रवेशाला मंचामागची तोफ नकोच. आपण लहानपणापासून ऐकत आलो ती गोष्ट आठवा. बाजीप्रभू खिंडीत आहेत आणि तोफा गडावर, काही कोस दूर. तो आवाज कानठळ्या बसवणारा असूच शकत नाही. तलवारींच्या खणखणाटात, ओरड्यात, तो ऐकू येतो की नाही अशी शंका यावी इतका लांबून आला पाहिजे. सभागृहाच्या बाहेर, व्हरांड्याच्या टोकाला एक मोठा स्पीकर ठेवा, खालचा सूर चांगला देणारा, आणि दारं बंद ठेवा. तोफेचा ध्वनिमुद्रित आवाज भिंतीपलीकडून घुमून येईल. किंवा नगारा मिळाला तर त्याहून उत्तम. एक जाड टिपरू, एकच घाव, आणि पुढचा घाव घालायच्या आधी मनात सावकाश दहा अंक मोजायचे.

पहिल्या बाराला लढाई थांबवू नका. तो कुणालाच ऐकू येत नाही. दुसऱ्याला एखाद्या मावळ्याने मान वळवावी. तिसऱ्याला बाजीप्रभूंनी. आणि पाचवा झाल्यावर लगेच पडदा पाडू नका, त्यांना तो नीट ऐकू द्या.